अडगळ कोण ठरवतं?

कुर्ल्याच्या नेहरूनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत, झोपड्यांच्या जागी पुनर्वसनाची घरं येताहेत. घर बदलायचं, लाद्या-रंग नवे करायचे ठरलं की पहिला हुकूम सुटतो : अडगळ काढा! आणि सर्वांत आधी बाहेर पडते म्हातारीची पेटी.

बायांनो, त्या पेटीत भाडेपावत्या असतात, जुनं रेशनकार्ड, वीजबिलं असतात. घरावरच्या हक्काचे हेच पुरावे. ते रद्दीत घालणारे आपण कोण?

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या करारात झोपडीधारकासोबत जोडीदाराचंही नाव लागतं. ही बिल्डरची मेहरबानी नव्हे, नियम आहे. तरीही पुढे ‘आता तुझं वय झालं, सही कर’ म्हणत म्हातारीकडून बक्षीसपत्र करून घेतात. आयुष्यभर जिनं घर झाडलं, तीच मग त्या घरात पाहुणी!

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं २३ वं कलम तिच्या बाजूचं आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकतं. म्हणून ती अट कागदावर लिहून घ्या, नाहीतर सही नको. गटाच्या बैठकीत प्रत्येकीला हे सांगा. लाद्यांचा रंग नंतर निवडू. आधी कागदावर तिचं नाव आहे का, ते पाहू.