एका पेटीत दोन प्रजाती नकोत



कुत्रा, मांजर, पोपट झाले. आता काही मुलांना परदेशी सरडे पाळण्याची हौस लागली आहे. एक घरात आला की पुढचा हट्ट ठरलेला असतो : "बिचारा एकटा आहे, सोबतीला दुसऱ्या प्रकारचा आणू आणि त्याच पेटीत ठेवू." काचेची पेटी महाग, दिवा महाग, म्हणून आईवडिलांनाही ते पटते. पण हा हिशेब प्राण्याच्या जिवावर बेततो.

जगभर पाळल्या जाणाऱ्या तीन प्राण्यांचेच पाहा. बियर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला सरडा. त्याला दिव्याखालची जागा ४० अंशांच्या आसपास तापलेली आणि हवा कोरडी लागते. तो किडे खातो, पालाही खातो. हिरवा इग्वाना मध्य व दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा. त्याला दमट हवा हवी, खाणे केवळ पाल्याचे, आणि शेपटीसह तो ५ फुटांपर्यंत वाढतो. लेपर्ड गेको ही पाकिस्तान-अफगाणिस्तानाकडची ठिपकेदार पाल. वीतभर लांबीची, दिवसा लपणारी, रात्री किडे शोधणारी.

आता एका पेटीत हवा कोणाची ठेवणार? कोरडी ठेवली तर इग्वानाची कात नीट निघत नाही. दमट ठेवली तर ड्रॅगनला श्वसनाचे विकार जडतात. शिवाय ड्रॅगन तोंडात मावेल ते गिळतो; लहान गेको त्याला खाऊच वाटतो.

भांडण दिसत नाही म्हणून सर्व ठीक आहे, असेही समजू नका. दिव्याखाली एक सरडा दुसऱ्याच्या अंगावर बसलेला दिसला की घरचे म्हणतात, "किती माया आहे!" ती माया नव्हे. वरचा ऊब आणि उजेड स्वतःकडे घेतो, खालच्याला काही मिळत नाही. बाहेरची ऊब मिळाल्याशिवाय सरड्याला अन्न पचत नाही. अतिनील किरण मिळाले नाहीत तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात. असा प्राणी आवाज न करता महिनोन्महिने खंगतो.

रोगाचेही तसेच. एका प्रजातीच्या पोटातले जंतू तिला त्रास देत नाहीत, पण दुसरीचा जीव घेऊ शकतात. म्हणून नवा प्राणी दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याची विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्यावी. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. हात लावल्यावर साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर हा शौक टाळलेलाच बरा.

एकाच प्रजातीचे दोन नरही एकत्र ठेवू नयेत. हे कळपाने राहणारे प्राणी नाहीत. एकटेपणाचे दुःख आपल्या मनातले आहे, त्यांचे नव्हे. आणि हा दाखला कोणी माणसांना लावू नये. माणूस ही सगळी मिळून एकच प्रजाती आहे.

कायदाही ध्यानात ठेवा. आपली घोरपड किंवा रानातून पकडलेला कोणताही संरक्षित प्राणी पाळणे हा गुन्हा आहे. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. इग्वानासारख्या आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदणी तिने बंधनकारक केली. खरेदीआधी वन खात्यात चौकशी करा, पावती जपून ठेवा.

शेवटी खर्च. १०० वॅटचा दिवा रोज १२ तास जळला तर महिन्याला ३६ युनिट होतात. दोन प्राणी म्हणजे दोन पेट्या, दोन दिवे, ७२ युनिट. तेवढी ऐपत नसेल तर एकच प्राणी ठेवा आणि त्याला नीट जगवा. ज्यांच्या घरी आजच दोन प्रजाती एका पेटीत आहेत, त्यांनी रविवारची वाट पाहू नये. आजच त्यांना वेगळे करावे.