अधिवेशनाहून काय आणलंत?

परगावाहून कुणी आलं की शेजारीण पहिल्यांदा विचारते, "काय आणलंस?" मैत्रिणींनो, संघटनेच्या अधिवेशनाहून परतलेल्या आपल्या प्रतिनिधीलाही हाच प्रश्न विचारायला हवा, असं मला वाटतं. बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. एक कापडी पिशवी, एक स्मरणिका, गळ्यातला बिल्ला आणि ग्रुप फोटो. शाखेला मात्र काहीच मिळालेलं नसतं.

आपल्यातल्या किती तरी जणी कुठल्या ना कुठल्या व्यावसायिक संघटनेत पदावर आहेत. परिचारिकांची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ पासूनची, डॉक्टरांची इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ ची, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. अशा संस्थांच्या गावोगावच्या शाखा चालतात त्या बिनपगारी कामावर. ड्युटी संपवून, घरचा स्वयंपाक उरकून कुणी तरी सचिव म्हणून पत्रं लिहिते, कुणी खजिनदार म्हणून पावत्या फाडते. हे काम कसं करायचं, हे तिला कुणीच शिकवलेलं नसतं. ते शिकायची जागा म्हणजे पदाधिकाऱ्यांचं अधिवेशन किंवा शिबिर. म्हणूनच ते वाया गेलं की माझा जीव हळहळतो.

अधिवेशन कसं वापरावं, याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात आहे. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात भरली. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. पण खरं काम त्याआधीच सुरू झालं होतं. १९२६ च्या अखेरच्या महिन्यांत ठिकठिकाणी स्थानिक परिषदा झाल्या. मुलींच्या शिक्षणात आपल्या भागात काय अडतं, यावर तिथे चर्चा झाली आणि मग प्रतिनिधी पुण्याला गेल्या. म्हणजे बायका ऐकायला नव्हे, सांगायला गेल्या होत्या. पुढे या परिषदेने बालविवाहाविरुद्धच्या १९२९ च्या शारदा कायद्याच्या बाजूने आवाज उठवला. १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज उभं राहिलं, तेही याच परिषदेच्या पुढाकाराने. टाळ्या वाजवून परतल्या असत्या, तर यातलं काय झालं असतं?

तेव्हा पहिली गोष्ट, जाण्याआधी शाखेची बैठक घ्या. आपल्याला नडणारे तीन प्रश्न कागदावर लिहा. नव्या मुली सभासद का होत नाहीत? वर्गणी वेळेवर का येत नाही? महापूर आला, तर कुठल्या गल्लीत आपली कोणती सभासद राहते, याची यादी आपल्याकडे आहे का? २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकरणींना हा प्रश्न समजावून सांगायला नको. हे तीन प्रश्न पर्समध्ये असले की कुठल्या सत्राला बसायचं, हे आपोआप ठरतं.

दुसरी गोष्ट, शक्यतो दोघींनी जावं. एक मुरलेली, एक नवी. आणि तिथे गेल्यावर एकमेकींना चिकटून बसू नये! इचलकरंजीची इचलकरंजीशेजारी आणि गडहिंग्लजची गडहिंग्लजशेजारी बसली, तर एवढा प्रवास कशाला केला? एका वेळी दोन सत्रं असतील, तर वाटून घ्या. खजिनदारबाईंनी दुसऱ्या शाखेच्या खजिनदाराला गाठावं आणि हिशेब कसे ठेवता, असं सरळ विचारावं. चहाच्या रांगेत अशी माहिती मिळते, जी व्यासपीठावरून कुणी देत नाही. एक उदाहरण सांगते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असलेल्या संस्थेने कार्यकारिणी बदलली, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला, की पुढे कागदोपत्री जुनीच मंडळी कारभारी राहतात आणि नव्या सचिवांच्या मागे शुक्लकाष्ठ लागतं. फोन नंबर घ्याल, तेव्हा त्यापुढे कशासाठी घेतला, तेही लिहा. नाही तर महिन्याभराने "या कोण बरं?" अशी गत होते.

आता जरा कडू बोलते. एका अधिवेशनात मी पाहिलं, रांगोळी, औक्षण, स्वागतगीत, पुष्पगुच्छ सगळं बायकांकडे. जमाखर्चाच्या आणि घटनादुरुस्तीच्या सत्रात मात्र एकही बाई नाही. जणी होत्या भरपूर, पण त्या जेवणाच्या व्यवस्थेत गुंतलेल्या! स्वागत जरूर करा, पण पाळी लावून, पुरुषांनाही धरून. पैशाचा आणि नियमांचा विषय निघेल, तेव्हा खुर्ची सोडू नका. पंचायतीत महिलांना आरक्षण मिळालं, तरी कित्येक ठिकाणी कारभार सरपंचबाईंचे मिस्टर पाहतात. आपल्या संघटनेत तरी तसं व्हायला नको.

आणि शाखेलाही माझं एक सांगणं आहे. प्रतिनिधीचं तिकीट शाखेच्या पैशातून काढा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचं, तर "खर्च घरून करा" म्हटलं की जिची ऐपत आहे तीच दर वर्षी जाते. जिच्या घरात लहान मूल आहे, जिला सासूबाईंची परवानगी आणि साहेबांची रजा दोन्ही मागावी लागते, ती कायमची मागे राहते. मग दहा वर्षांनी आपणच म्हणतो, "नवीन कुणी पुढेच येत नाही हो!" कशी येणार?

शाखेने पैसे दिले, की हिशेब मागण्याचा हक्कही येतो. परतल्यावर आठ दिवसांच्या आत बैठक बोलवा. जाऊन आलेलीने खर्चाच्या पावत्या टेबलावर ठेवाव्यात आणि तीन प्रश्नांची जी उत्तरं मिळाली, ती सांगावीत. एकाचं उत्तर मिळालं नसेल, तर तेही सांगावं. मग त्यातली एकच गोष्ट निवडा, ती कोण करणार तिचं नाव लिहा आणि तारीख घाला. दहा ठराव इतिवृत्तात झोपवण्यापेक्षा एक काम महिन्याभरात उभं राहिलेलं बरं.

पिशवी भाजीला उपयोगी पडेल, स्मरणिका रद्दीत जाईल. पण सभासदांची एक नीट यादी, वेळेवर दिलेला एक अर्ज, पुढच्या वर्षी जायला तयार असलेली एक नवी मुलगी, एवढं जरी आणलंत, तरी जाणं सार्थकी लागलं म्हणायचं.