म्हातारपणाची खाज आणि मेतापेलेतवर आळ



खरूज म्हटले की लोक नाक मुरडतात. ‘ती घाणेरड्या माणसांना होते, आमच्या घरात कशी येईल?’ असे विचारतात. माझे स्पष्ट मत आहे की, ही समजूतच आपल्या वृद्धांना महिनोन् महिने खाजवत ठेवते. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. तो कातडीत बीळ करून राहतो आणि अंगाला अंग लागले की दुसऱ्याकडे जातो. रोज अंघोळ करणाऱ्यालाही तो सोडत नाही.

तरुणांत बोटांच्या बेचक्यांत पुळ्या येतात, रात्री खाज वाढते. वृद्धांत मात्र खरूज सोंगे घेते. कधी नुसती पाठ खाजते. कोरडी कातडी समजून आपण तेल चोळतो. कधी डोक्यात खपल्या धरतात, त्याला कोंडा किंवा सोरायसिस म्हणतात. कधी पाण्याचे मोठे फोड येतात. इसब समजून स्टिरॉइडचे मलम लावले तर खाज दबते, पण किडे वाढतच राहतात.

सर्वांत फसवी ती जाड खपल्यांची खरूज. १८४८ साली नॉर्वेतील कुष्ठरोग्यांत तिचे वर्णन झाले, म्हणून तिला नॉर्वेजियन खरूज म्हणतात. साध्या खरजेत अंगावर १०-१५ किडे असतात; हिच्यात हजारो, कधी लाखो. तरी खाज थोडी, किंवा मुळीच नाही! अशक्त आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची नखे जाड झाली, तळव्यांवर खपल्या आल्या, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका.

घरात दोघांना खाज सुटली की पहिला आळ मेतापेलेतवर येतो. हे मला पटत नाही. पहिल्या लागणीनंतर खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. मग कोणी कोणाला दिली हे कसे ठरवणार? अंघोळ घालताना रुग्णाकडून तिलाच लागण झालेली असू शकते. नोकरी जाईल या भीतीने तिने लपवले तर रोग घरभर फिरेल.

म्हणून कुपत खोलीमच्या डॉक्टरांना स्वतःच विचारा, ‘ही खरूज तर नाही ना?’ लाज न धरता सगळे अंग दाखवा. औषध घरातल्या सर्वांनी, मेतापेलेतसुद्धा, खाज नसली तरी एकाच दिवशी घ्यावे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा घ्यावे. वृद्धांना डोक्याला व चेहऱ्यालाही मलम लावायचे का, हे विचारून घ्या. त्याच दिवशी चादरी व कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. नंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. घाबरून रोज मलम चोळू नका.

खरूज बरी होते. फक्त तिचे नाव घ्यायला लाजू नका.