डोळे बदला, पण नजर खाली!

सध्या हॉस्टेलच्या कट्ट्यावर प्लेसमेंटपेक्षा जास्त चर्चा कशाची असेल, तर पार्किंगमधल्या त्या जुन्या पद्मिनीची! फायनल इयरच्या ग्रुपला तिचा 'फ्रंट' बदलायचाय. मूळचे गोल दिवे काढून भंगारातल्या एखाद्या भारी गाडीचे हेडलाइट बसवायचे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लिहिताना हात जरा अडखळतो. पण या विषयावर गप्प बसवत नाही.

आधीच सांगते, मी या उद्योगाच्या बाजूने आहे. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिच्यासाठी नवे डोळे शोधायचे, यात एक गंमत आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. निदान एक तरी पद्मिनी आपल्या हातून नटू दे की! शिवाय पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापणं, ब्रॅकेट बनवणं, दोन्ही दिवे एका रेषेत आणणं, हे सबमिशनच्या फाइली कॉपी करण्यापेक्षा कितीतरी खरं इंजिनिअरिंग आहे.

पण हेडलाइट म्हणजे गाडीची टिकली नव्हे. तो आपल्याला रस्ता दाखवतो आणि समोरच्याचे डोळे दिपवूही शकतो. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसंच आहे हे. आपल्या सीटवरून उजेड झकास दिसतो. घाटात समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला त्या दोन सेकंदांत वळण दिसलं की नाही, हे आपल्याला कळतच नाही.

म्हणून विकत घेण्याआधी दिवा भिंतीवर पाडून बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या लो बीमची वरची कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे, फुटपाथच्या बाजूला, वर चढते. उजवीकडून चालणाऱ्या देशातल्या गाडीचा दिवा नेमका उलटा! तो थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि कुठलाही स्क्रू फिरवून हे सुधारत नाही. असा दिवा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट बल्बची. एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ६० आणि ५५ वॅटचे. लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडून वर उसळणारा उजेड ती अडवते. त्या जागी भलताच एचआयडी बल्ब खुपसला, की फोकस चुकतो आणि उजेड चोहीकडे फाकतो. पॅराबोला बारावीला फक्त मार्कांपुरता होता का?

आणि १०० वॅटचे बल्ब लावायचा मोह तर नकोच. ६० वॅटच्या जोडीला १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात, १०० वॅटच्या जोडीला जवळपास १७. जुनं वायरिंग ते कसं सोसणार? साधे बल्ब लावले तरी रिले आणि फ्यूज हवेतच.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच बजावलंय. तेव्हा पत्रा कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या. 'नाही' म्हणाले, तर मूळ गोल दिवेच घासूनपुसून, नवे रिफ्लेक्टर टाकून चमकवा. त्यातही शान आहे.

आता सरांना एक विनंती. 'नसते उद्योग' म्हणून या मुलांना हाकलू नका. वर्कशॉपमागची ती रिकामी भिंत द्या. गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर उभी करायची, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर एक रेघ मारायची आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. लो बीमची सपाट कड खालच्या रेघेवर आली पाहिजे. खर्च किती? एका खडूचा! मग पद्मिनीच काय, स्टाफच्या गाड्याही तिथे तपासून घेता येतील. त्यातल्या काही गाड्या रात्री गेटमधून आत येतात तेव्हा आम्हा हॉस्टेलवाल्यांना डोळ्यांवर हात धरावा लागतो, म्हणून म्हटलं!

बघा, पटतंय का!