खांदे शेकले, जू तेच!



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण लोणी-हळदीने बैलाचे खांदे शेकतो. पोळा सरला की पुन्हा तेच अरुंद, गोल जू! ओढीचा सारा भार वशिंडापुढच्या चार बोटं जागेवर. कातडी सोलते, मान सुजते, ऐन डवरणीत जोडी बसते.

1965 चा सरकारी नियम सांगतो, पारा 37 अंशांवर गेला की दुपारी 12 ते 3 बैल गाडीला जुंपू नका. जुवाचं काय? घोड्याला छातीवर भार घेणारा पट्टा मिळाला, बैलाला लाकूडच!

परभणी-भोपाळला सुधारित जुवावर काम झाले. ते बांधावर कधी येणार, हे सभेत विचारा. तोवर सुताराकडून रुंद, सपाट, गादीचे जू करून घ्या.