गॅदरिंगचा मांडव आणि बंबाची वाट

गॅदरिंग करायचे म्हटले की आधी पाहुणा कलाकार ठरतो, मग तारीख, मग मांडववाला, मग लाऊडस्पीकरची परवानगी, मग पोलीस ठाण्याचे पत्र. सर्वांत शेवटी, बहुधा कार्यक्रम आठवड्यावर आला असताना, कोणाला तरी आठवते, "अरे, फायरचं पत्र राहिलं!" मग त्या कामाला समितीतले सर्वांत लहान आणि सर्वांत आज्ञाधारक मूल पिटाळले जाते.

गेल्या वर्षी ते मूल म्हणजे माझी भाची होती. कॉलेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. दिव्यातल्या बहुतेक मुलांप्रमाणे तीही रोज लोकलने कॉलेज गाठते. "मामा, फायरवाल्यांना नक्की काय लागतं?" असे विचारत ती घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत अर्ज होता, मैदानाचा हाताने काढलेला नकाशा होता, मांडववाल्याचे हमीपत्र होते आणि वीजवाल्याचा दाखला होता. नकाशात चार दरवाजे दाखवले होते. मी सहज विचारले, "हे चारही उघडे असणार का गं?" ती हसली. "छे! एकच. बाकीचे बंद ठेवायचेत. नाहीतर बाहेरची मुलं घुसतात."

या एका उत्तरात सगळा प्रश्न आहे असे माझे मत आहे. नकाशावर चार दरवाजे, त्यावर शिक्का, आणि प्रत्यक्षात तीन दरवाजांना कुलूप. यात कोणी खोटे बोललेले नाही. नकाशा काढणाऱ्याने दरवाजे होते तेवढे दाखवले, परवानगी देणाऱ्याने नकाशा तपासला आणि कुलूप लावणाऱ्या शिपायाने शिस्त राखली. प्रत्येकाने आपापले काम चोख केले. अडचण एवढीच, की परवानगी मिळते त्या दिवशी मांडव उभाच नसतो. अग्निशमन दल परवानगी देते ती कागदाला. आणि आदल्या रात्री जे उभे राहते ते कागदावरचे नसते. मांडववाल्याकडचे कापड कमी पडते म्हणून तो दुसरे आणतो. मंच दहा फूट मागे सरकतो. जनरेटर कुठे ठेवायचा ते ट्रक आल्यावर ठरते. खाण्याचे स्टॉल वाढतात, आणि प्रत्येक स्टॉलमागे एक सिलिंडर वाढतो.

आपल्या राज्यात कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे आणि डिसेंबर २००८ पासून तो लागू आहे. आगीपासून संरक्षणाची व्यवस्था करणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी त्याने इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून तसा दाखला घेऊन तो सादर करायचा असतो. पण तो दाखला इमारतीच्या रोजच्या वापराचा. वर्गात साठ मुले बसतात, जिन्यावरून तास संपल्यावर उतरतात, हे त्यात गृहीत आहे. गॅदरिंगच्या संध्याकाळी त्याच आवाराचे रूपच पालटते: दोन-तीन हजार माणसे, अंधार, मंचाखाली वायरींचे जंजाळ, आणि एक अरुंद फाटक.

मांडवासाठीही भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक आहे, क्रमांक ८७५८. कोणालाही समजेल इतके ते साधे आहे. मांडवाची उंची तीन मीटरपेक्षा कमी नको. चारही बाजूंनी साडेचार मीटर जागा मोकळी हवी. विजेच्या चालू तारांखाली मांडव नको. रेल्वेमार्ग, वीज उपकेंद्र, भट्टी यांपासून निदान पंधरा मीटर अंतर हवे. आणि कृत्रिम धाग्याचे कापड किंवा दोर वापरू नयेत. आता आठवून पाहा, गेल्या पाच वर्षांत आपण सुती कापडाचा मांडव किती ठिकाणी पाहिला?

कृत्रिम कापड का नको, याचे उत्तर मंडी डबवालीने दिले आहे. हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातले हे गाव. २३ डिसेंबर १९९५ रोजी तिथल्या एका शाळेचा वार्षिक समारंभ लग्नाच्या कार्यालयात चालू होता. आईबाप मुलांचे कार्यक्रम पाहायला बसले होते. मांडवाने पेट घेतला, वितळलेले छत माणसांवर कोसळले आणि बाहेर पडायला मार्ग होता एकच. ४४२ माणसे गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले. कारखाना नाही, फटाक्यांचे गोदाम नाही. शाळेचे गॅदरिंग होते ते. त्यानंतर एवढी वर्षे लोटली, पण डबवाली हे नाव आपल्या शिक्षकांना आणि संस्थाचालकांना माहीत असते, असा माझा अनुभव नाही.

आग लागली नाही तरी बंद फाटक आपले काम करतेच. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात, विद्यापीठाच्याच आवारात, महोत्सवाचा गाण्याचा कार्यक्रम होता. पाऊस आला, बाहेरचे लोक आत धावले, उताराच्या पायऱ्यांवर मुले एकावर एक पडली आणि चौघांचा जीव गेला. पोलीस बंदोबस्त मागणारे प्राचार्यांचे पत्र कुलसचिवांना आधीच लिहिले गेले होते, हे मागाहून उघड झाले. म्हणजे धोका ओळखणारा माणूस तिथेही होता. त्याचा कागद टेबलावरून पुढे सरकला नाही, इतकेच. त्याआधी ३१ मे २०२२ ला कोलकात्याच्या नजरुल मंचात एका कॉलेजचा महोत्सव होता. सभागृहाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी झाली आणि ती पांगवायला आग विझवण्याचे नळकांडे फवारले गेल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. गायक केके त्याच रात्री हृदयविकाराने गेले. त्याचा दोष मी गर्दीवर टाकत नाही. पण आग विझवण्याचे साधन माणसे हाकलायला वापरले जाते, तेव्हा ते भिंतीवर कशासाठी टांगले आहे हेच आपण विसरलो आहोत, असे म्हणावे लागते.

कोणी म्हणेल, परवानग्या नीट घेतल्या की झाले. गिरगाव चौपाटीवरची १४ फेब्रुवारी २०१६ ची 'महाराष्ट्र रजनी' आठवा. 'मेक इन इंडिया' सप्ताहातला सरकारी कार्यक्रम. राज्यपाल, मुख्यमंत्री, सिनेसृष्टीतले तारे समोर बसलेले. चौपाटीवर कार्यक्रम घ्यायचा की नाही हा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला होता. इतक्या परवानग्या ज्याच्या पाठीशी होत्या, तो मंच चालू लावणीत पेटला आणि बघता बघता जळून गेला. जीवितहानी झाली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे यात मोठा वाटा मोकळ्या वाळूचा होता. लोकांना पळायला जागा होती.

ती जागा आमच्या दिव्यात कुठून आणायची? गावाचे नावच दिवा, आणि धूर आम्हाला नवा नाही. डम्पिंगच्या आगींचा धूर दिवेकरांनी वर्षानुवर्षे खाल्ला आहे. गावाच्या मधोमध रेल्वे, दोन्ही बाजूंना चाळी आणि इमारती अशा खेटून उभ्या, की काही गल्ल्यांत समोरासमोर आलेल्या दोन रिक्षांपैकी एकीला मागे जावे लागते. या गल्ल्यांतच शाळांची आणि क्लासेसची स्नेहसंमेलने होतात. कधी भाड्याच्या हॉलमध्ये, कधी दोन इमारतींमधल्या फटीत ताडपत्री ताणून. रेल्वेपासून पंधरा मीटर आणि चहूकडे साडेचार मीटर हा हिशेब इथे कोणी मांडलाच, तर निम्मे कार्यक्रम रद्द करावे लागतील. बंबाला फोन लागेलही, बंब निघेलही. पण शेवटच्या दोनशे फुटांत तो येणार कसा? पार्क केलेल्या मोटारसायकली उचलून बाजूला ठेवत?

म्हणून गॅदरिंगच बंद करा, असे सांगणाऱ्यांतला मी नाही. खरे तर मला त्याचीच भीती वाटते. नियमांचा जाच वाढला की प्राचार्य सुटकेचा निःश्वास टाकून कार्यक्रम रद्द करतात, आणि वर्षभर लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलांची हक्काची एक संध्याकाळ जाते. आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक खिडकी, आणि खिडकी म्हटली की तिच्याखालून काय सरकते हे ठाणे-कल्याणच्या वाचकांना मी काय सांगावे!

माझे मागणे वेगळे आहे. कागद कमी करा, पण माणूस पाठवा. परवानगी अर्जाच्या दिवशी तात्पुरती द्यावी आणि पक्की सही उभ्या मांडवात, कार्यक्रमाच्या आधी काही तास व्हावी. अग्निशमन दलाकडे तेवढी माणसे नाहीत, हे उत्तर ठरलेले आहे. पण गॅदरिंगचा मोसम अचानक येत नाही. तारखा महिनाभर आधी हातात असतात. आणि दलाला खरेच जमत नसेल, तर इमारतीला सहामाही दाखला देणाऱ्या परवानाधारक संस्थेच्या अभियंत्याला त्या संध्याकाळी बोलवावे. कलाकाराच्या मानधनात आणि ध्वनियंत्रणेत जे पैसे जातात, त्यापुढे त्याचे शुल्क ते किती असणार?

फाटकांचा प्रश्न तर फुकटात सुटणारा आहे. बाहेरची मुले घुसू नयेत ही कॉलेजची काळजी खोटी नाही, छेडछाडीचे प्रकार होतात. पण त्यासाठी कुलूप कशाला? प्रत्येक दरवाजावर माणूस उभा करा. एनएसएस आणि एनसीसीची मुले असतात, ती हौसेने उभी राहतील. आतून ढकलला की दरवाजा उघडला पाहिजे, एवढेच बघायचे. कोणत्या दरवाजावर कोण, याची यादी परवानगीच्या पत्रालाच जोडावी आणि तिच्याखाली प्राचार्यांची सही असावी. विद्यार्थी प्रतिनिधीची नको. एकोणीस वर्षांच्या मुलीने आणलेल्या पत्रावर दोन-तीन हजार माणसांचा भरवसा टाकणे बरे नव्हे.

आपण पालक म्हणूनही काही विचारू शकतो. मूल नाचात आहे म्हटल्यावर पोषाखाचे भाडे किती, रात्री घरी कशी येणार, सोबत कोण, हे आपण विचारतोच. त्याच दमात मांडवाचे कापड कसले, स्टॉलचे सिलिंडर कुठे आणि मागचा दरवाजा उघडा आहे का, हेही विचारावे. भाचीच्या कॉलेजात शेवटी दोन दरवाजे उघडे राहिले. दुसरा उघडला तो केटररची हातगाडी पहिल्यातून आत जाईना म्हणून.