चामखीळ जाळायची घाई कशाला?

नवरात्रात कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेला नागपूरहून पायी येणाऱ्यांत अनवाणी चालणारेही असतात. तळव्याला चामखीळ असली की पावलोपावली खडा रुतल्यासारखी ती दुखते. अनेक जण तिला कुरूप समजून मेडिकलमधून कॉर्न कॅप आणतात. गंमत म्हणजे चुकीच्या निदानावरचा हा उपचार बरेचदा योग्यच निघतो! त्या पट्टीतलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड हे चामखिळीवरचंही पहिलं औषध आहे.

चामखीळ एचपीव्ही या विषाणूमुळे होते. ती विषाणूमुळे होते हे १९०७ साली इटलीच्या ज्युझेप्पे चुफो यांनी दाखवून दिलं. पण नेमका तो विषाणू मारणारं खात्रीचं औषध अजून नाही. त्यामुळे कातडी झिजवा, गोठवा, जाळा, नाहीतर इंजेक्शन देऊन प्रतिकारशक्तीला जागं करा, एवढेच मार्ग उरतात.

यातला सरस कोणता? २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत १३ आठवड्यांनी साध्या, म्हणजे मुख्यतः हातावरच्या चामखिळी द्रवरूप नायट्रोजनने ४९ टक्के, अ‍ॅसिडने १५ टक्के आणि काहीच न करता ८ टक्के रुग्णांत गेल्या. तळव्यावर मात्र तिन्हींत ठोस फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये तळव्याच्याच चामखिळींवर गोठवणं आणि अ‍ॅसिड यांची तुलना झाली, तेव्हा दोन्हींचा निकाल १४ टक्क्यांवर थांबला.

टक्केवारीत न दिसणारा खर्च वेगळाच. गोठवण्यासाठी दर दोन-तीन आठवड्यांनी जावं लागतं. कोराडीच्या वीज केंद्रातल्या कंत्राटी कामगाराला नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत जायचं तर दर फेरीला एक रोजी बुडते. शिवाय उणे १९६ अंशांचा नायट्रोजन सतत उडून जातो, तो साठवणं छोट्या दवाखान्याला परवडत नाही. मग करंटने जाळणं सोयीचं ठरतं. चामखीळ एका बैठकीत निघते, पण आजूबाजूच्या कातडीत विषाणू उरला तर पुन्हा उगवते. तळव्यावर व्रण राहिला तर तोच आयुष्यभर टोचतो. सावळ्या कातडीवर गोठवण्याचेही पांढरे डाग पडू शकतात, हे आधी सांगायला हवं.

चुना-सोडा आणि बिब्बा या घरगुती उपायांबद्दल मात्र दुमत नको. त्यांनी चांगली कातडीही भाजते. मधुमेही माणसाच्या पायावर तर अशी जखम चिघळून बोटावर बेतू शकते.

लहान मुलांच्या सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. त्या दुखत नसतील तर थांबणं हाही उपचारच, आणि डॉक्टरांनी तो पर्याय पालकांसमोर सगळ्यात आधी ठेवला पाहिजे. मोठ्यांनी आधी तीन महिने अ‍ॅसिड वापरून पाहावं. रोज कोमट पाण्यात भिजवायचं, मेलेली कातडी घासायची, भोवती व्हॅसलीन लावून औषधाचा थेंब नेमका चामखिळीवर सोडायचा. चेहरा आणि गुप्तांग यांवर हे औषध अजिबात लावायचं नाही. मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅसिड लावू नये. उतारवयात अचानक वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायची. आणि घासायची कानस घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही.